एकाच वारंवारतेचा जुना वर्कस्टेशन मॉनिटर आजच्या संगणकाला जोडताना

जुन्या बाजारात, भंगाराच्या दुकानात किंवा बंद पडलेल्या डिझाइन ऑफिसच्या लिलावात कधीतरी तुम्हाला वर्कस्टेशनचा, म्हणजे डिझाइनसारख्या कामांच्या ताकदवान संगणकाचा, जुना मॉनिटर दिसतो. वीस इंची, तीसेक किलो वजनाचा, पुढे सन किंवा सिलिकॉन ग्राफिक्सचं नाव, आणि आत सोनीची ट्रिनिट्रॉन ट्यूब. ट्रिनिट्रॉन ओळखायला सोपी असते, कारण काच उभ्या दिशेला सरळ आणि आडव्या दिशेला किंचित गोल असते. तुम्ही तो रिक्षात घालून घरी आणता, अडॅप्टर मिळवून लॅपटॉपला जोडता आणि पडदा काळाच राहतो. नाहीतर तिरक्या रेघांचा गुंता दिसतो. बहुतेक लोक इथेच 'मेलाय' म्हणतात आणि तो परत भंगारात जातो.

तो बहुधा मेलेला नसतो. त्याला जे हवंय ते तुमचा संगणक पाठवत नसतो, एवढंच. असे चार मॉनिटर मी चालू केले आहेत, आणि पहिला माझ्याच चुकीने जाळला आहे. १०२४ बाय ७६८ चं साधं चित्र 'दिसतंय का बघू' म्हणून मी दहा मिनिटं तसंच चालू ठेवलं. आतून बारीक शिट्टी येत होती, तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मग 'टक्' असा आवाज झाला आणि सगळं शांत. एलओटी (ट्यूबला उच्च दाब पुरवणारा लाइन ट्रान्सफॉर्मर) गेला होता आणि त्या मॉडेलचा दुसरा कुठेच मिळाला नाही. तुमच्या हातून असं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हे समजून घ्या

साधे पीसी मॉनिटर मल्टिसिंक असतात. संगणक ३१ किलोहर्ट्झ पाठवो की ८० किलोहर्ट्झ, ते जुळवून घेतात. वर्कस्टेशनचा मॉनिटर मात्र एका सुरात लावलेल्या तंबोऱ्यासारखा असतो. गायकाने त्याच्या सुरात यायचं, तो गायकाच्या सुरात येत नाही. हा सूर म्हणजे आडवी वारंवारता, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती ओळी काढल्या जातात तो आकडा. रिझोल्यूशन नंतर येतं आणि ६० हर्ट्झ की ७५ हर्ट्झ हा प्रश्नही नंतरचाच. हा आकडा जुळला की बाकीच्या गोष्टी जुळवता येतात. तो जुळला नाही तर दुसरा कुठलाही उपाय चालत नाही.

लागणारं सामान

- मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान
- मॉनिटरच्या कनेक्टरप्रमाणे अडॅप्टर किंवा केबल (पायरी ४)
- अॅनालॉग आउटपुट असलेलं ग्राफिक्स कार्ड, किंवा एचडीएमआयमधून व्हीजीए (जुनी अॅनालॉग जोडणी) काढणारा सक्रिय अडॅप्टर
- दुसरा एक साधा मॉनिटर. याशिवाय सुरुवातच करू नका
- मॉनिटरच्या मागच्या लेबलचा स्पष्ट फोटो
- कागद आणि पेन्सिल

### १. लेबल वाचा, वीज तपासा

मागच्या लेबलवर दोन गोष्टी बघायच्या: मॉडेल क्रमांक आणि व्होल्टेज. सोनीने बनवलेल्या बऱ्याच मॉनिटरचे क्रमांक 'जीडीएम' ने सुरू होतात, मग पुढे नाव सनचं असो वा सिलिकॉन ग्राफिक्सचं. व्होल्टेजच्या जागी '१००–२४०' असेल तर काळजी नाही. पण अमेरिकेतून आलेल्या काही जुन्या मॉनिटरवर फक्त १०० ते १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. असा मॉनिटर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातला तर तिथेच संपला. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. चालू होताना डिगॉसची (ट्यूबवरचं नको असलेलं चुंबकत्व घालवणारी) कॉइल क्षणभर बराच करंट ओढते, म्हणून ट्रान्सफॉर्मर ५०० व्हीएचा घ्या.

पाच-दहा वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला मॉनिटर आणल्या दिवशीच लावू नका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल आणि पावसाळा असेल तर तो आधी दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत राहू द्या. ट्यूबच्या अॅनोडला वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि ओलसर धुळीतून हा दाब 'चर्र' आवाज करत वाट काढतो.

झाकण उघडायची वेळ आलीच तर जुना टीव्ही मेकॅनिक गाठा. प्लग काढल्यानंतरही ट्यूबमध्ये चार्ज उरतो, आणि तो कसा उतरवायचा हे वाचून शिकण्यासारखं नाही.

### २. मॉनिटरचा सूर शोधा

मॉडेल क्रमांकावरून जुनी सर्व्हिस मॅन्युअल सापडतात. त्यात 'आडवी वारंवारता' या ओळीपुढचा आकडा तुम्हाला हवा आहे. सनच्या मॉनिटरमध्ये वारंवार दिसणारे आकडे असे:

- ११५२ बाय ९००, ६६ हर्ट्झ: ६१.८ किलोहर्ट्झ
- ११५२ बाय ९००, ७६ हर्ट्झ: ७१.८ किलोहर्ट्झ
- १२८० बाय १०२४, ६७ हर्ट्झ: ७१.७ किलोहर्ट्झ
- १२८० बाय १०२४, ७६ हर्ट्झ: ८१.१ किलोहर्ट्झ

दुसरी आणि तिसरी ओळ जवळजवळ सारखीच आहे, आणि हा योगायोग नाही. रिझोल्यूशन वेगळं असलं तरी आडवा वेग एकच ठेवला, की एकाच मॉनिटरवर दोन्ही चालतात. पुढे आपणही हीच युक्ती वापरणार आहोत. एचपीच्या १२८० बाय १०२४, ७२ हर्ट्झच्या मॉनिटरना ७८.१ किलोहर्ट्झच्या आसपास वेग लागतो.

११५२ बाय ९०० हा आकडा आज विचित्र वाटतो. गुणाकार केला तर १०,३६,८०० ठिपके होतात. ८ बिट रंगात प्रत्येक ठिपक्याला एक बाइट लागतो, म्हणजे पूर्ण चित्र १ मेगाबाइटमध्ये (१०,४८,५७६ बाइट) अगदी काठोकाठ बसतं. मेमरी महाग होती त्या काळातला हा हिशेब आहे.

आता तुमचा संगणक सहसा काय पाठवतो ते बघा. १२८० बाय १०२४, ६० हर्ट्झला ६४.० किलोहर्ट्झ. १०२४ बाय ७६८, ७५ हर्ट्झला ६०.०, आणि तेच ६० हर्ट्झला ४८.४. बायोसच्या (संगणक सुरू होतानाच्या) पडद्याला ३१.५. यातला एकही ६१.८ नाही. दोन-तीन टक्क्यांचा फरक काही मॉनिटर सहन करतात, पण त्या भरवशावर राहू नका. ४८.४ तर फारच दूर आहे, आणि माझा पहिला मॉनिटर नेमका त्यावरच गेला.

### ३. सिंक कुठून येतो?

ओळ कधी सुरू करायची आणि नवीन चित्र कधी सुरू करायचं हे मॉनिटरला सिंक सांगतो. व्हीजीएमध्ये आडवा आणि उभा सिंक दोन वेगळ्या तारांतून येतो. वर्कस्टेशनवाल्यांनी दोन वेगळे मार्ग घेतले. पहिला, दोन्ही सिंक एकत्र करून एकाच तारेतून, म्हणजे कॉम्पोझिट सिंक. दुसरा, तो एकत्र सिंक हिरव्या रंगाच्या तारेतच मिसळलेला, म्हणजे सिंक ऑन ग्रीन. यात ०.७ व्होल्टचं चित्र आणि त्याखाली ०.३ व्होल्टचा सिंक, असा एकूण १ व्होल्टचा सिग्नल असतो.

मागे फक्त तीन बीएनसी (फिरवून बसवायची गोल कनेक्टर) असतील तर सिंक ऑन ग्रीनच समजा, तो आणायला चौथी तारच नाही. चार असतील तर चौथं कॉम्पोझिट सिंकचं. पाच असतील तर तुमचं काम फारच सोपं झालं, तिथे व्हीजीएचे दोन्ही सिंक सरळ जातात.

### ४. केबल आणि तेरा डब्ल्यू तीन

सन, सिलिकॉन ग्राफिक्स आणि काही आयबीएम मॉनिटरवर १३डब्ल्यू३ नावाचं कनेक्टर असतं. त्यात रंगांसाठी तीन जाड गोल कोअॅक्स आणि बाकी कामांसाठी दहा बारीक पिना असतात. सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. सनचं आणि सिलिकॉन ग्राफिक्सचं कनेक्टर दिसायला हुबेहूब सारखं असतं, पण पिनांचा अर्थ वेगळा. सनमध्ये कॉम्पोझिट सिंक पाच नंबरच्या पिनेवर असतो. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये तो तीनवर, आडवा सिंक चारवर आणि पाचवर उभा सिंक. एकाचा अडॅप्टर दुसऱ्याला लावला तर रंग बरोबर पोचतात आणि सिंक चुकीच्या जागी जातो. चित्र गडगडत राहतं आणि तुम्ही आठवडाभर वारंवारतेशी झगडत बसता. विकत घेताना अडॅप्टर कोणत्या कंपनीसाठी आहे ते विचारा. बारीक स्विच असलेला, तिन्ही प्रकारांना चालणारा अडॅप्टर मिळाला तर तोच घ्या. आणि काहीही मिळालं तरी मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

बीएनसीवाल्या मॉनिटरसाठी केबल घरी करता येते. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सीसीटीव्हीचं सामान विकणाऱ्यांकडे बीएनसी कनेक्टर आणि आरजी-५९ वायर मिळते. ती ७५ ओहमची असते आणि आपल्याला तीच हवी. तशीच दिसणारी आरजी-५८ घेऊ नका, ती ५० ओहमची आहे. तिने अक्षरांच्या उजवीकडे फिकट सावल्या पडतात. तिन्ही रंगांच्या वायर एकाच लांबीच्या कापा. व्हीजीएच्या बाजूला लाल, हिरवा, निळा अनुक्रमे १, २, ३ वर. त्यांची ग्राउंड ६, ७, ८ वर. आडवा सिंक १३ वर आणि उभा १४ वर.

दोन सिंक एकत्र करायचे असतील तर १३ आणि १४ च्या तारा सरळ पिळून जोडू नका. दोन आउटपुट एकमेकांवर आदळतात आणि कार्डाला त्रास होतो. ७४एचसीटी८६ ही साधी, स्वस्त एक्सऑर चिप घ्या. पिन १ ला आडवा सिंक, पिन २ ला उभा, पिन ३ वर कॉम्पोझिट मिळतो. १४ ला ५ व्होल्ट (जुन्या यूएसबी वायरमधून घ्या), ७ ला ग्राउंड, आणि न वापरलेले इनपुट ग्राउंडला. इथे एक बारकावा माझ्या दोन संध्याकाळी खाऊन गेला. सनच्या मॉनिटरला ऋण सिंक (खाली जाणारा स्पंद) लागतो, पण एक्सऑरला दोन्ही सिंक ऋण दिले तर बाहेर धन येतो. म्हणून मोडलाइनमध्ये (चित्राच्या वेळेचा हिशेब, पायरी ६) आडवा ऋण आणि उभा धन ठेवा, मग बाहेर बरोबर ऋण कॉम्पोझिट येतो.

सिंक ऑन ग्रीनला दोन वाटा आहेत. मॅट्रॉक्सच्या जी४०० आणि जी४५० सारख्या जुन्या कार्डांना लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी पर्यायच आहे. नाहीतर एक्स्ट्रॉन कंपनीचे आरजीबी इंटरफेस (व्हिडिओ सिग्नल बदलून देणारे डबे) सेकंडहँड बघा. ऑडिटोरियमच्या जुन्या प्रोजेक्टरसोबत ते निघतात, आणि ज्यांवर सिंकचा प्रकार निवडायचे स्विच आहेत असा घ्या. एक लक्षात ठेवा: ज्या मॉनिटरला हिरव्यात सिंक नको, त्याला तो दिला की सगळं चित्र हिरवट दिसतं. असं दिसलं तर ट्यूबला दोष देऊ नका.

### ५. संगणकात अॅनालॉग आहे का?

एनव्हिडियाने अॅनालॉग आउटपुट जीटीएक्स ९०० मालिकेनंतर बंद केलं, २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेत ते नाही. एएमडीचं २०१३ चं आर९ २९० आलं तेच त्याशिवाय. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये २०१५ च्या स्कायलेकपासून थेट व्हीजीए नाही. मदरबोर्डवर व्हीजीए भोक दिसलं तरी त्याच्या आत बदल करणारी छोटी चिप असते.

डेस्कटॉप असेल तर माझं स्पष्ट मत आहे: जुनं रेडिऑन एचडी ५००० किंवा ६००० मालिकेतलं, डीव्हीआय-आय (डिजिटलसोबत अॅनालॉगही देणारं कनेक्टर) असलेलं कार्ड सेकंडहँड घ्या. त्यात अॅनालॉग खरोखर कार्डातूनच येतं आणि लिनक्समध्ये ते बिनतक्रार चालतं. लॅपटॉप असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए अडॅप्टर. आपल्याला लागणारं ९४ ते १३५ मेगाहर्ट्झचं पिक्सेल क्लॉक (सेकंदाला किती ठिपके पाठवायचे तो वेग) साधे अडॅप्टरही झेपवतात. फक्त स्वस्तात स्वस्त घेऊ नका, त्यांच्या कडा मऊ येतात. आणि या मॉनिटरचं सगळं वैभव त्याच्या धारदार कडांमध्येच आहे.

### ६. मोडलाइन लिहा

आता कागद घ्या. मोडलाइन म्हणजे एका चित्राचा पूर्ण हिशेब. प्रत्येक ओळीत दिसणारे ठिपके, मग थोडी रिकामी जागा, मग सिंक, मग पुन्हा रिकामी जागा. उभ्या दिशेलाही तसंच, फक्त ठिपक्यांऐवजी ओळी मोजायच्या. सनच्या ११५२ बाय ९००, ६६ हर्ट्झचा हिशेब मांडू:

- आडवं: ११५२ दिसणारे + ४० + सिंक १२८ + २०८ = एकूण १५२८
- उभं: ९०० दिसणाऱ्या + २ + सिंक ८ + २७ = एकूण ९३७
- पिक्सेल क्लॉक: ९४.५ मेगाहर्ट्झ

९,४५,००,००० ला १५२८ ने भागा, उत्तर ६१,८४५. हाच तुमचा सूर, ६१.८ किलोहर्ट्झ. त्याला ९३७ ने भागा, ६६ हर्ट्झ. दोन्ही भागाकार जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोडलाइनमध्ये हे आकडे बेरीज करत लिहायचे असतात: ९४.५, मग ११५२ ११९२ १३२० १५२८, मग ९०० ९०२ ९१० ९३७, आणि शेवटी सिंकची दिशा. ७६ हर्ट्झवाल्यासाठी: १०८, मग ११५२ ११८४ १३१२ १५०४, मग ९०० ९०२ ९१० ९४३. १२८० बाय १०२४, ७६ हर्ट्झसाठी: १३५, मग १२८० १३१२ १३७६ १६६४, मग १०२४ १०२६ १०३४ १०६६. भागाकार स्वतः करून बघा, सवय लागेल.

सापळा: लिनक्समधली 'सीव्हीटी' आणि 'जीटीएफ' ही साधनं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ दिले की तयार मोडलाइन देतात. ती मोडलाइन त्यांच्या सूत्राने बनते, तुमच्या मॉनिटरचा आडवा वेग त्यांना माहीतच नसतो. उत्तरातला किलोहर्ट्झ आकडा न बघता ती वापरू नका.

लहान चित्र हवं असेल तर एकूण आकडे आणि पिक्सेल क्लॉक तसेच ठेवा, फक्त दिसणारा भाग कमी करा आणि तेवढी रिकामी जागा दोन्ही बाजूंना वाटून द्या. मॉनिटरला काहीच बदललेलं कळत नाही, चित्र काळ्या चौकटीत दिसतं. सिनेमासाठी मी ११५२ बाय ६४८ असाच करून ठेवला आहे, तो बरोबर १६:९ होतो.

### ७. संगणकाला ती मोडलाइन द्या

या मॉनिटरना स्वतःची ओळख सांगणारी एडिडची माहिती पाठवता येत नाही. सनचे मॉनिटर तीन पिना ग्राउंड करून आपला प्रकार सांगत, पण ती भाषा सनच्या संगणकालाच समजत असे. त्यामुळे तुमच्या संगणकाला वाटतं की काही जोडलेलंच नाही.

लिनक्सवर एक्स-ऑर्ग (पडद्यावर चित्र काढणारी जुनी व्यवस्था) असेल तर एक्स-रँडआर या कमांडने नवीन मोड बनवा, तो त्या आउटपुटला जोडा आणि मग निवडा. वेलँडवर (एक्स-ऑर्गच्या जागी आलेली नवी व्यवस्था) हा मार्ग चालत नाही. तिथे, आणि खरं तर सगळीकडेच, जास्त टिकाऊ उपाय म्हणजे १२८ बाइटची एडिड फाइल बनवून फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये ठेवणं, आणि कर्नलला बूटच्या वेळी 'या आउटपुटला ही फाइल वापर' असं सांगणं. ती फाइल इनिट-रॅम-एफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणारी छोटी फाइल-व्यवस्था) घालायला विसरू नका. ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्या टप्प्यावर सुरू झाला आणि फाइल तिथे नसली, तर सगळं बरोबर करूनही काहीच होत नाही.

विंडोजवर कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी हे मोफत साधन वापरा. तपशीलवार रिझोल्यूशनमध्ये वरचे आकडे हाताने भरा, आणि बाकी सगळी रिझोल्यूशन काढून टाका. एखादा खेळ किंवा अपडेट मधेच ६० हर्ट्झवर उडी मारतं, ती वाट बंदच केलेली बरी.

### ८. पहिल्यांदा चालू करताना

मॉनिटर बंद ठेवूनच सगळं जोडा. दुसऱ्या साध्या मॉनिटरवर बूट करा, मोड लावा, आणि तो खरोखर लागला आहे का ते तपासा. एक्स-रँडआरला सविस्तर माहिती विचारली की तो सध्याच्या मोडचा किलोहर्ट्झ आकडा दाखवतो. तो जुळला की मगच मोठ्या मॉनिटरचा स्विच दाबा, आणि हात स्विचवरून काढू नका.

डिगॉसचा 'धम्म' आवाज येईल, तो ठीक आहे. ट्यूब तापायला अर्धा मिनिट लागतं. शिट्टी, टकटक किंवा चरचर ऐकू आली तर तत्क्षणी बंद करा. चित्र आलं पण तिरक्या रेघांत फाटलेलं असेल तर आडवा वेग चुकला आहे, लगेच बंद करा. चित्र फाटलेलं नाही पण वर-खाली गडगडतंय, तर उभा सिंक किंवा त्याची दिशा तपासा. चित्र स्वच्छ आहे पण एका बाजूला सरकलंय, तर आनंदाने पेन्सिल उचला. पहिली रिकामी जागा ८ ने कमी आणि शेवटची ८ ने जास्त केली की चित्र उजवीकडे सरकतं, उलट केलं की डावीकडे. एकूण बेरीज मात्र बदलायची नाही.

### ९. बूटचा काळ

बायोस आणि बूटचा पडदा सहसा ३१.५ किलोहर्ट्झवर किंवा तुमच्या मॉनिटरला न चालणाऱ्या दुसऱ्या वेगावर येतो, त्याला उपाय नाही. म्हणून संगणक आधी चालू करायचा, डेस्कटॉप येईपर्यंत थांबायचं आणि मग मॉनिटर लावायचा. बंद करताना उलट: आधी मॉनिटर, मग संगणक. मी मॉनिटरचा प्लग वेगळ्या स्विचच्या एक्स्टेन्शनवर ठेवला आहे आणि घरात सगळ्यांना हा क्रम सांगितला आहे. रास्पबेरी पायमध्ये (एकाच बोर्डावरचा छोटा संगणक) बायोसच नसतो. पाय ३ किंवा त्याआधीच्या पायवर, जुन्या फर्मवेअर-ग्राफिक्ससोबत, कॉन्फिग फाइलमध्ये हेच टायमिंग लिहिलं की पहिल्या क्षणापासून योग्य सिग्नल मिळतो. फक्त टर्मिनल किंवा लेखनासाठी मॉनिटर हवा असेल तर मी पायच सुचवेन.

सगळं जमलं की मोडलाइनचे नऊ आकडे, सिंकची दिशा आणि अडॅप्टरवरच्या स्विचची स्थिती एका कागदावर लिहून मॉनिटरच्या पाठीला चिकटपट्टीने लावा. माझ्या सनच्या पाठीवर असा कागद आहे, आणि खाली लाल शाईत 'संगणक आधी, मॉनिटर नंतर'.